बिनतारी सांगावा

नाशिकहून पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे २८ किलोमीटर गेले, की त्र्यंबकेश्वर लागते. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेले हे गाव लहान असले, तरी त्याचे नाव साऱ्या देशात दुमदुमते. गोदावरीचा उगम येथलाच. नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतलेले काळ्या पाषाणाचे भव्य शिवमंदिरही येथेच आहे. दर बारा वर्षांनी सिंहस्थाच्या पर्वकाळात लक्षावधी यात्रेकरू या चिंचोळ्या गल्ल्यांतून कुशावर्ताकडे लोटतात.

त्र्यंबकचा पाऊस ज्याने पाहिला, तो तो सहसा विसरत नाही. आषाढ लागला, की ब्रह्मगिरीचे कडे ढगांत बुडून जातात आणि डोंगराच्या अंगाखांद्यावरून शेकडो धबधबे कोसळू लागतात. अशा दिवसांत वाऱ्याने झाड उन्मळून विजेच्या तारांवर पडावे, आजूबाजूच्या पाड्यांतील दिवे मालवावेत, हे नवलाचे नाही. वीज गेली, की मोबाइलच्या मनोऱ्यातील बॅटऱ्या काही तास तग धरतात. मग त्याही थकतात आणि हातातला फोन मुका होतो. नेमके त्याच वेळी एखाद्या वस्तीवर दरड कोसळली, तर मदतीची हाक कोणाला आणि कशी ऐकू जावी?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण या गावावर डोंगर कोसळला. जवळजवळ सारे गाव चिखलाखाली गडप झाले आणि दीडशेच्या आसपास माणसे मरण पावली. ही वार्ता बाहेर कळली, ती त्या वाटेने नेहमी एस. टी. घेऊन येणाऱ्या चालकामुळे. रोजचे गाव जागेवर दिसेना, तेव्हा त्याने जाऊन सांगितले. गावातून सांगावा धाडण्यास काहीच साधन उरले नव्हते.

सांगावा दूरवर पोहोचवायचा, तर उंच जागेचा आश्रय घ्यावा, हे सह्याद्रीतील माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १६६० साली शिवाजी महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचले, तेव्हा गडावरून तोफांचे बार काढण्यात आले आणि घोडखिंडीत झुंजणाऱ्या बाजीप्रभूंना ती खूण पटली, अशी कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. तोफेची जागा आज रेडिओच्या लहरींनी घेतली आहे. या लहरींशी खेळणारी, आणि खेळता खेळता मोठ्या उपयोगाची विद्या हस्तगत करणारी काही माणसे जगभर आहेत. त्यांना हौशी रेडिओवाले अथवा ‘हॅम’ असे म्हणतात.

आकाशवाणीचे केंद्र बोलते आणि आपण ऐकतो. हौशी रेडिओवाल्याच्या घरातले यंत्र मात्र ऐकतेही आणि बोलतेही. त्याच्या साहाय्याने तो शेजारच्या गावातील किंवा सातासमुद्रांपलीकडील आपल्यासारख्याच दुसऱ्या हौशी माणसाशी संभाषण करतो. यासाठी त्याला भारत सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ही परीक्षा देता येते. परवान्याबरोबर प्रत्येकाला एक खूणनाव मिळते. भारतातील पुष्कळशा खूणनावांच्या आरंभी ‘व्ही यू’ ही दोन अक्षरे असतात. त्यावरून ऐकणाऱ्याला हा आवाज भारतातून येत आहे, हे तत्काळ उमगते. माजी पंतप्रधान राजीव गांधी यांचे खूणनाव ‘व्ही यू २ आर जी’ असे होते.

या छंदाला शिस्तीचे कुंपण आहे. यंत्रावरून व्यापाराची बोलणी करता येत नाहीत, गाणी लावता येत नाहीत आणि इतरांना न कळणाऱ्या गुप्त भाषेत बोलता येत नाही. कोणी अडचणीत सापडून हाक मारत असेल, तर बाकीच्यांनी आपले बोलणे तत्क्षणी थांबवून त्याला वाट द्यावी, हा या मंडळींचा पहिला धर्म होय.

हे लोक घरी बसून बोलतात, तसेच अधूनमधून आपली यंत्रे पाठीवर घेऊन माळावर किंवा डोंगरावरही जातात. घरात वीज असते, गच्चीवर कायमचा उभारलेला अँटेना असतो. परंतु संकट काही घर पाहून येत नाही. उघड्यावर, मूठभर साहित्यानिशी, घटका-दोन घटकांत रेडिओ स्थानक उभारता येईल काय, याची परीक्षा तेथेच होते. अमेरिकेतील हौशी रेडिओवाले १९३३ सालापासून जून महिन्यात अशा मैदानी सरावाचा दिवस पाळत आले आहेत. डोंगरमाथ्यावर चढून तेथून संभाषण साधण्याचा एक उपक्रम २००२ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि पुढे अनेक देशांत पसरला. बालवीरांचाही एक रेडिओ मेळावा असतो. १९५८ साली तो प्रथम भरला. आता दर वर्षी ऑक्टोबरात निरनिराळ्या देशांतील बालवीर व वीरबाला त्यात एकमेकांशी बोलतात.

या सरावात नेमके काय चालते, हे समजण्यासाठी एक चित्र डोळ्यांपुढे आणू. पौष महिन्यातील स्वच्छ सकाळ आहे. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरीच्या पठारावर चार-पाच हौशी रेडिओवाले चढून आले आहेत. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून भाविक या डोंगराला मानतात. कंदीलपुष्पाची एक अतिदुर्मिळ जात येथे उगवते आणि वनखाते या परिसराचे रक्षण करते. त्यामुळे या मंडळींनी आधी परवानगी घेतली आहे. कोठे खुंटी ठोकायची आणि कोठे नाही, हेही ठरवून घेतले आहे. त्यांच्या पिशवीतील साहित्य तरी केवढे? वहीएवढे एक यंत्र, १२ व्होल्टची एक बॅटरी, तांब्याच्या तारेची वेटोळी, सुतळीचा गुंडा, जोडून उंच करता येणारी एक काठी आणि पोलादी पट्टीचा मोजमापाचा टेप.

यंत्र विकत मिळते. अँटेना मात्र पुष्कळदा स्वतःच्या हाताने करावा लागतो. खरे कसब त्यातच आहे. जुन्या काळी लोक त्याला ‘एरियल’ म्हणत. यंत्रात निर्माण झालेली विद्युत्शक्ती लहरींच्या रूपाने अवकाशात सोडणे आणि दुरून आलेल्या लहरी टिपून यंत्राकडे आणणे, ही दोन्ही कामे अँटेना करतो. कंठ आणि कान या दोहोंचे काम तो एकटा करतो, म्हणा ना.

अँटेनाची लांबी मन मानेल तशी ठेवून चालत नाही. तंबोऱ्याची तार योग्य ताणावर आली म्हणजेच सूर लागतो, तसेच हे आहे. रेडिओची लहर एका सेकंदात सुमारे ३ लक्ष किलोमीटर धावते. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील कंपनसंख्येने भागले, की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १४५ मेगाहर्ट्झ ही हौशी मंडळींच्या नेहमीच्या वापरातील एक कंपनसंख्या आहे. ३०० ला १४५ ने भागा. उत्तर सुमारे २ मीटर येईल. अँटेना साधारणतः याच्या निम्म्या लांबीचा करतात, म्हणजे तो अवघा १ मीटर भरतो. कंपनसंख्या ७ मेगाहर्ट्झच्या घरात असली, तर लहर सुमारे ४२ मीटर लांब होते आणि अँटेनाला जवळजवळ २० मीटर तार लागते. हिशेबाने २१ मीटर यावयास हवे. परंतु तारेतून जाताना लहरीचा वेग थोडा मंदावल्यासारखा होतो, म्हणून तार किंचित आखूड घ्यावी लागते.

आता पठारावर एकेकाची लगबग सुरू होते. एक जण सुतळीला लहानसा दगड बांधतो आणि गोफण फिरवावी तसा तो फिरवून झाडाच्या फांदीवरून पलीकडे टाकतो. सुतळीच्या मागोमाग २० मीटर तारेचा मध्य वर चढतो आणि तिची दोन टोके तंबूच्या दोऱ्यांप्रमाणे दोन्ही बाजूंना उतरतात. झाड सोयीचे नसेल, तेथे काठी उभी करून काम भागवतात. विजेच्या तारांच्या आसपास मात्र असली तार कोणी कधीही फेकत नाही. तसे करणे प्राणावर बेतू शकते. आकाशात विजा चमकू लागल्या, की सारे काम थांबवून माथ्यावरून खाली उतरणे, हाही मोडू नये असा नियम आहे.

तार वर गेली, म्हणजे तिची परीक्षा सुरू होते. तिची लांबी बिनचूक नसेल, तर यंत्राने पाठवलेल्या शक्तीपैकी काही शक्ती भिंतीवर आपटलेल्या चेंडूप्रमाणे यंत्राकडेच परत येते. किती शक्ती परतली, हे एक लहानसे मापक दाखवते. मग तार दोन बोटे कापा, पुन्हा मापक पाहा. दोन बोटे दुमडा, पुन्हा पाहा, असे चालते. परत येणारी शक्ती जवळजवळ नाहीशी झाली, की तार ‘सुरात लागली’ असे समजावे.

दुसऱ्या एकाने मोजमापाच्या टेपचे तीन तुकडे प्लॅस्टिकच्या नळीवर आडवे बसवले आहेत. मागचा तुकडा किंचित लांब, मधला बेताचा आणि पुढचा आखूड. मधल्या तुकड्याला यंत्राची तार जोडलेली असते. मागचा तुकडा आरशासारखा लहरींना पुढे ढकलतो आणि पुढचा त्यांना एका दिशेने नेतो. ही युक्ती जपानमधील यागी आणि उदा या दोन संशोधकांनी १९२६ च्या सुमारास शोधून काढली. घराघरांच्या छपरांवर पूर्वी दूरचित्रवाणीचे जे काड्या-काड्यांचे अँटेने दिसत, ते याच जातीचे. टेपची पट्टी लवचीक असल्यामुळे ती झुडपात अडकली तरी मोडत नाही. वाकते आणि पुन्हा सरळ होते. असा अँटेना हातात धरून आकाशाकडे रोखला, तर डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहांचे संदेशही ऐकता येतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा सुमारे १ किलोग्रॅम वजनाचा एक उपग्रह तयार केला होता. २२ जून २०१६ रोजी इस्रोने तो अवकाशात सोडला. हौशी रेडिओवाल्यांचे संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवावेत, हाच त्याचा हेतू होता.

डोंगरावर चढण्याचे प्रयोजन काय, हे आता पाहू. १४५ मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ दृष्टीप्रमाणेच सरळ जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट माळावर उभ्या राहिलेल्या माणसाला क्षितिज चार-साडेचार किलोमीटरांवरच दिसते. तोच माणूस मैदानापासून ६०० मीटर उंच चढला, तर त्याचे क्षितिज ८५ किलोमीटरांहूनही पलीकडे सरकते. म्हणूनच पठाराच्या कडेवरून केवळ ५ वॅट शक्तीच्या, म्हणजे रात्रीच्या मंद दिव्याइतक्या शक्तीच्या यंत्रानेही नाशिकच्या मैदानातील दूरदूरच्या मित्रांशी बोलता येते. पलीकडचा मित्र दोन आकड्यांत उत्तर देतो. पहिला आकडा शब्द किती स्पष्ट आले हे सांगतो आणि दुसरा आवाजाचा जोर सांगतो. ‘पाच-नऊ’ असे उत्तर आले, की सर्वांचे चेहरे खुलतात. मग अँटेना बदलून तीच विचारणा पुन्हा होते आणि प्रत्येक उत्तर वहीत टिपून ठेवले जाते.

परंतु डोंगराच्या पाठीमागच्या दरीत असलेल्या पाड्याचे काय? सरळ जाणारी लहर मधल्या कड्यावर अडते. अशा वेळी ७ मेगाहर्ट्झची लांब तार कामास येते. पृथ्वीपासून साधारणतः १०० ते ४०० किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी विद्युद्भारित झालेल्या हवेचे थर आहेत. काही लहरी त्या थरांवरून वळून पुन्हा जमिनीकडे येतात. ही लांब तार जमिनीपासून चार-पाच मीटरच उंच बांधली, तर तिच्यातील लहरी बहुतांशी सरळ वर जातात आणि कारंज्याच्या पाण्याप्रमाणे चोहोबाजूंना खाली उतरतात. मधल्या डोंगरांची अडचण त्यांना जाणवतच नाही. तीच तार २० मीटर उंच चढवली, तर लहरी तिरप्या निघून दूरच्या प्रदेशात जातात आणि जवळची दरी मात्र कोरडी राहते. अँटेना जितका उंच तितका चांगला, असे आपल्याला वाटते; पण शेजारच्या खोऱ्यात बोलायचे असेल, तर येथे ठेंगणेपणच उपयोगी पडते! सूर्य मावळला, की वरच्या थरांचा नूर पालटतो. सकाळी जो पाडा स्पष्ट ऐकू येत होता, तो रात्री हरवतो आणि परदेशातील आवाज कानी पडू लागतात. मग ३.५ मेगाहर्ट्झची, म्हणजे दुप्पट लांबीची तार बांधावी लागते. या गोष्टी पुस्तकात वाचून अर्ध्याच कळतात. उरलेल्या अर्ध्या वाऱ्यावर, उन्हात, तारेची टोके हातात धरून शिकाव्या लागतात.

हा मार्ग रेडिओच्या बाल्यावस्थेतच आखला गेला. १२ डिसेंबर १९०१ रोजी इटलीचा तरुण संशोधक मार्कोनी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळील न्यूफाउंडलंड बेटावर एका टेकडीवर बसला होता. इंग्लंडमधून निघालेली लहर अटलांटिक महासागर ओलांडून येते काय, हे त्याला पाहावयाचे होते. वादळी वाऱ्यात मनोरा उभारणे शक्य नव्हते. तेव्हा त्याने काय केले? पतंग उडवला! पतंगाच्या साहाय्याने सुमारे १५० मीटर लांबीची तार आकाशात चढली आणि तिच्यातून तीन ठिपक्यांची अस्पष्ट खूण कानी आली, असे त्याने जाहीर केले. आजच्या हौशी माणसाची झाडावर टाकलेली सुतळी त्या पतंगाच्याच कुळातली आहे.

आता हा सारा खटाटोप कशासाठी, ते पाहू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र उलटून माणसे गाढ झोपेत असताना, किल्लारी आणि आसपासचा प्रदेश भूकंपाने हादरला. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी हौशी रेडिओवाले आपली यंत्रे घेऊन भूकंपग्रस्त भागात गेले आणि त्यांनी निरोप पोहोचवण्यास हातभार लावला. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हाही ही मंडळी तेथे धावली.

सर्वांत विलक्षण घटना २००४ सालची आहे. अंदमान बेटांवरून हौशी रेडिओ चालवण्याची परवानगी पुष्कळ वर्षांनी मिळाली होती. भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक चमू डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला गेला. त्यांनी अँटेने उभारले आणि जगभरच्या हौशी लोकांशी त्यांची बोलणी रंगली. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हादरली आणि थोड्याच वेळात त्सुनामीच्या लाटांनी बेटांना झोडपले. बेटांवरील दूरध्वनी बंद पडले. त्या क्षणी या चमूने हौस बाजूला ठेवली. ज्या तारांनी कालपर्यंत गप्पागोष्टी चालत होत्या, त्याच तारांनी आता मदतीच्या मागण्या आणि ‘आम्ही सुखरूप आहोत’ हे निरोप जाऊ लागले. मुख्य भूमीवरील किती तरी घरांत आपल्या माणसांची खुशाली अशा रीतीने कळली. तो अँटेना संकटासाठी उभारला नव्हता. परंतु तो उभा होता आणि तो चालवणारे हात तरबेज होते, हे महत्त्वाचे.

प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना या छंदाचे काय काम, असे कोणी विचारील. मोबाइल हे उत्तम साधन आहे यात शंका नाही. तथापि, त्याचा आवाज मनोरा, वीज, जमिनीखालच्या तारा आणि दूरचे केंद्र अशा साखळीतून जातो. साखळीची एक कडी तुटली, किंवा सिंहस्थातल्यासारख्या गर्दीत लक्षावधी लोकांनी एकाच वेळी फोन केले, की ती साखळी कोलमडू शकते. हौशी रेडिओचे स्थानक मात्र थोडक्या गोष्टींवर उभे असते : एक तार, एक बॅटरी आणि एक जाणता माणूस. यांपैकी तार आणि बॅटरी बाजारात मिळते. जाणता माणूस सरावानेच घडतो.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. डोंगरमाथ्यावर जाऊन तारा बांधणारी आणि सोडणारी ही माणसे तहान लागण्यापूर्वीच विहीर खणत असतात. सायंकाळी ती आपली तार गुंडाळतात, पठारावर कागदाचा कपटाही मागे राहू देत नाहीत आणि दिवसभरात वहीत टिपलेले आकडे घेऊन गड उतरतात. ती वही पुन्हा केव्हा उघडावी लागेल, हे कोणीच सांगू शकत नाही. पण कधी काळी एखाद्या दरीतून क्षीण हाक आली, तर ती ऐकण्यासाठी कोणती तार किती उंच बांधायची, हे त्या वहीत लिहिलेले असते.

अभ्यास

१. माळीणची वार्ता बाहेर कशी कळली? त्यावरून कोणती उणीव लक्षात येते?
२. कारणे द्या : (अ) अँटेनाची लांबी कंपनसंख्येवर अवलंबून असते. (आ) शेजारच्या दरीत बोलण्यासाठी लांब तार कमी उंचीवर बांधतात.
३. कंपनसंख्या १४ मेगाहर्ट्झ असेल, तर लहरीची लांबी किती मीटर होईल?
४. ‘तहान लागण्यापूर्वीच विहीर खणणे’ या शब्दांचा या पाठात कोणता अर्थ आहे? अंदमानच्या घटनेवरून तो स्पष्ट करा.
५. वीज व फोन बंद पडले, तर तुमच्या गावातून शेजारच्या गावी निरोप कसा पोहोचवाल, ते दहा ओळींत लिहा.